उजेड आत घेणारी माती

पुडीवर 'ट्रान्सलुसंट' असे लिहिलेले असते आणि आतून निघते दुधी, किंचित पिवळट, मेणासारखी वडी. पहिल्यांदा विकत घेणाऱ्या बहिणींचा हिरमोड इथेच होतो. त्यांना काच हवी असते. दुकानदाराने चुकीचा माल दिला असे वाटून काहीजणी ती वडी तशीच कपाटात टाकतात. म्हणून आधीच सांगून टाकतो: पॉलिमर क्लेची कोणतीही ट्रान्सलुसंट वडी काचेसारखी आरपार दिसत नाही. ती उजेड आत घेते, आतल्या आत फिरवते आणि मऊ करून बाहेर सोडते. रमजानमध्ये आपल्या घरात चायना ग्रास जमवतात ना, बशीत कापलेल्या त्याच्या वड्या खिडकीपाशी धरल्या की जसा उजेड दिसतो, तसाच हा. एवढे ध्यानात ठेवून वडी घेतली तर ही माती फार सुंदर काम देते.

आम्ही तिघीजणी, दोन बहिणी आणि आमच्या भाभी, कोकणातल्या आमच्या घरी हे काम करतो. तस्बीह, कानातले, पदकांचे मणी, कधी एखादी छोटी दिव्याची झडप. गेल्या काही महिन्यांत अनेक भगिनींनी विचारले की कोणती क्ले घ्यावी, ती काळी का पडते, आत पांढरे ठिपके का येतात. त्या सगळ्यांना एकेकटीला सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिलेले बरे.

नावाला माती

नाव क्ले असले तरी यात मातीचा कण नसतो. पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य, असे हे मिश्रण आहे. हवेत ठेवून ती सुकत नाही, उष्णतेनेच पक्की होते. बाजारात 'क्ले' म्हणून जी दुसरी वस्तू जास्त मिळते ती 'एअर ड्राय', म्हणजे आपोआप सुकणारी. तिचा इथे काही संबंध नाही आणि ती ओव्हनमध्ये घालायची नसते. पुडी घेताना 'ओव्हन बेक' हे शब्द आहेत का ते आधी पाहावे.

या वस्तूची कहाणी जर्मनीतल्या बाहुल्यांपासून सुरू होते. केथे क्रूझे या तिथल्या नामांकित बाहुल्या बनवणाऱ्या. त्यांची मुलगी सोफी, जिला घरात फिफी म्हणत, हिने या प्लॅस्टिकच्या लगद्यावर घरी प्रयोग केले. 1964 साली ते एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेले आणि पुढे 'फिमो' नावाने जगभर विकले जाऊ लागले. फिफी हे लाडाचे नाव त्या 'फिमो'त अजून लपलेले आहे. आज फिमो स्टेडलर कंपनी बनवते, तीच पेन्सिलींची. एका मुलीने घरच्या टेबलावर केलेला हा उद्योग आहे, हे आम्हांला फार आवडते.

कच्ची वडी दुधी का दिसते? कच्चा साबुदाणा आठवा. पांढरा, उजेड न सोडणारा. खिरीत शिजला की तोच दाणा काचेच्या मण्यासारखा होतो. इथेही तसेच काहीसे घडते. कच्च्या वडीत प्लॅस्टिकचे कण सुटे असतात आणि प्रत्येक कणावर आपटून उजेड विखुरतो. ओव्हनची उष्णता मिळाली की तेलकट द्रव्य त्या कणांत मुरते, कण फुगून एकमेकांत मिळून जातात आणि उजेडाला वाट मोकळी होते. म्हणून नीट भाजलेला मणी कच्च्या मण्यापेक्षा कितीतरी उजळ दिसतो, आणि अर्धवट भाजलेला मणी धुकट तर राहतोच, वर तुटतोही.

कोणती घ्यावी

नेहमीच्या रंगीत क्लेबाबत आम्ही कुठलीही चांगली कंपनी चालते असे म्हणतो. ट्रान्सलुसंटबाबत मात्र कंपनीकंपनीत फरक आहे आणि तो भाजल्यावरच कळतो.

अमेरिकेच्या पॉलिफॉर्म कंपनीची 'प्रीमो' मजबूत असते, पातळ पाकळीसुद्धा लवचिक राहते. तिच्यात दोन प्रकार आहेत. साधी 'ट्रान्सलुसंट' भाजल्यावर उबदार, पिवळसर होते. 'व्हाइट ट्रान्सलुसंट' त्या मानाने पांढरी राहते. कहरुब्याचे, म्हणजे पिवळ्या तैलस्फटिकाचे मणी करायचे तर पहिली घ्या, पिवळेपणा फुकटात मिळतो. मोगऱ्याच्या कळ्या करायच्या तर दुसरी. याच कंपनीची 'स्कल्पी थ्री' मुलांच्या हाताला मऊ लागते, पण भाजल्यावर ठिसूळ होते. तिची पातळ कर्णफुले शाळेच्या दप्तरात टिकायची नाहीत.

बेल्जियमच्या 'सर्निट'ची चमक चिनी मातीच्या पातळ कपासारखी असते. आमच्या मते मध्यम जाडीच्या मण्यांना तीच सर्वांत शोभते. ती उन्हाळ्यात लवकर पिघळल्यासारखी मऊ होते, एवढीच तक्रार. जर्मनीच्या 'पार्दो'ची ट्रान्सलुसंट या सगळ्यांत स्वच्छ समजली जाते, पण आपल्याकडे शोधावी लागते. 'फिमो इफेक्ट' मालिकेतली ट्रान्सलुसंट सहज मिळते. कमी तापमानावर भाजली जाते, त्यामुळे नव्या हाताला ती बरी.

या सगळ्या वड्या बाहेरून येतात आणि महाग असतात, म्हणून हिशेब करूनच घ्या. एक वडी साधारण 56-57 ग्रॅमची. तीत 8 मिलिमीटरचे 99 मणी, इमाम आणि दोन-चार जादा मणी आरामात बसतात. 10 मिलिमीटरचे 99 मणी एका वडीत बसत नाहीत. दोन मिलिमीटरने काय बिघडते असे वाटते, पण गोल वस्तूचा आकार त्या दोन मिलिमीटरने जवळपास दुप्पट होतो. दहाचे मणी हवे असतील तर 33 ची तस्बीह करा, नाहीतर दोन वड्या एकाच वेळी घ्या. पुढच्या महिन्यात मागवलेल्या वडीची छटा तीच असेल असे नाही.

मागवताना मोसम पाहा. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत वडी तासन्‌तास तापली तर ती आतल्या आत अर्धवट शिजते. मग कितीही मळा, भुसभुशीतच राहते. आम्ही फेब्रुवारीच्या आत वर्षाचा साठा करतो. दुकानातून घेत असाल तर पुडीवरून अंगठा दाबून पाहा. खडकासारखी लागली तर सोडून द्या.

हात, लादी आणि पावसाळा

रंगीत क्लेमध्ये एखादा केस, एखादा धागा लपून जातो. ट्रान्सलुसंटमध्ये तो फ्रेममध्ये लावलेल्या फोटोसारखा दिसतो. दुपट्ट्याचा धागा, बाह्यांची लोकर, मघाशी मळलेल्या कणकेचे पीठ, सगळे. म्हणून कामाला बसताना आम्ही जुना, धुऊन धुऊन विटलेला फिका सुती कुर्ता घालतो, दुपट्टा मागे बांधतो आणि हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करतो. लाकडी पाट वापरत नाही. न्हाणीघराच्या कामातून उरलेली एक गुळगुळीत पांढरी लादी आहे, तिच्यावर काम करतो आणि तीच लादी तशीच ओव्हनमध्ये ठेवतो. दिवसाचे काम ट्रान्सलुसंटपासून सुरू करावे, लाल-काळे रंग शेवटी हातात घ्यावेत.

वडी मळताना कणकेसारखी मुठीत तिंबू नका. त्याने हवा आत अडकते. ब्लेडने पातळ चकत्या कापा, एकेक चकती दाबून लाटा, दुमडा, पुन्हा लाटा. लाटताना दुमडीची बाजू पुढे ठेवा म्हणजे हवा उघड्या बाजूने निघून जाते. लाटणे लाकडी नको, स्टीलच्या नळीचा तुकडा किंवा जाड काचेची सरळ बाटली चालते. ही हत्यारे पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाहीत. एकदा क्लेला लागलेले लाटणे, सुरी, साचा हे कायमचे क्लेचे.

कागदावर वडी ठेवली तर कागद तिचे तेल पितो आणि ती कोरडी होते. उलट उन्हाळ्यात फार चिकट झाली तर हाच उपाय आहे: दोन कोऱ्या पांढऱ्या कागदांत लाटून दोन तास ठेवायची, कागदावर तेलाचा डाग उठतो आणि वडी हाताळण्याजोगी होते. छापील वर्तमानपत्र मात्र नको, शाई उठते. काही बहिणी वडी फ्रिजमध्ये ठेवतात. ठेवायला हरकत नाही, पण घट्ट बंद पिशवीत, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. थंड वडीवर हवेतले पाणी जमते आणि ते पाणी पुढे मण्यात दिसते.

कसे दिसते? भाजल्यानंतर मण्याच्या आत नखाच्या चंद्रकोरीसारखे, कधी बर्फाच्या चुऱ्यासारखे पांढरे ठिपके उठतात. यांच्याबद्दलच आम्हांला सर्वांत जास्त विचारले जाते. ओलावा आणि अडकलेली हवा यांना कारागीर दोष देतात. जुलै-ऑगस्टमध्ये, कोकणात भिंतींनासुद्धा घाम येतो तेव्हा, हे ठिपके हमखास वाढतात, हे आमच्या वहीतल्या नोंदींवरून आम्ही ठामपणे सांगू शकतो. म्हणून पावसाळ्यात आम्ही स्वच्छ पांढऱ्या वस्तू करतच नाही. तेव्हा यशब आणि कहरुबा करतो. त्यांत ठिपका आला तर तो दगडाचा गुण वाटतो.

भाजणी

सगळा खेळ या अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. घरी केक भाजायचा ओटीजी पुरतो. मायक्रोवेव्ह चालत नाही, तवा चालत नाही, कुकर चालत नाही, आणि उन्हात ठेवून तर काहीच होत नाही.

तापमान पुडीवर असते आणि ते पाळायचे: फिमो इफेक्ट 110 अंश, पार्दो 120, सर्निट 110 ते 130, प्रीमो 135 च्या आसपास. वेळ साधारण अर्धा तास, प्रीमोला दर 6 मिलिमीटर जाडीमागे अर्धा तास. अडचण अशी की ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांची क्वचितच गाठ पडते. बटण 130 दाखवते, आत 155 असते, आणि दुधी मणी चहाच्या रंगाचे होऊन बाहेर येतात. ओव्हनमध्ये ठेवायचे छोटे थर्मामीटर मिळते. क्लेची दुसरी वडी घेण्याआधी ते घ्या. आमच्या घरात या कामासाठी सोन्याच्या मोलाची वस्तू कोणती विचाराल तर आम्ही तिघी तेच दाखवू.

ओव्हन आधी वीस मिनिटे तापू द्या. मणी सुईवर किंवा स्टीलच्या तारेवर ओवून तार दोन टेकूंवर ठेवा, म्हणजे चपटी बाजू येणार नाही. वरून ॲल्युमिनियम फॉइलचा तंबू करा, मण्यांना न टेकता. ओटीजीची वरची सळई लाल होते तेव्हा तिची थेट आच ट्रान्सलुसंटला पिवळे करते, आणि तंबू ती आच अडवतो. 8 मिलिमीटरच्या मण्यांना आम्ही योग्य तापमानावर 45 मिनिटे देतो. तापमान बरोबर असेल तर वेळ थोडी जास्त झाल्याने मणी जळत नाही. तापमान जास्त असेल तर दहा मिनिटेही पुरतात बिघडायला.

बाहेर काढताच मणी बर्फाच्या पाण्यात सोडण्याची एक पद्धत आहे. त्याने उजळपणा थोडा वाढतो. थोडाच, चमत्कार नाही. छोट्या मण्यांना आणि पातळ पाकळ्यांना ती करा, जाड वस्तूला नको, तडा जाण्याची भीती असते.

आता जपायची गोष्ट. पीव्हीसी योग्य उष्णतेत शांत असते, फार तापली तर तिच्यातून आम्लाची विषारी वाफ निघते. नाका-डोळ्यांना झोंबणारा वास किंवा धूर आला तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना आणि पिंजऱ्यातल्या पाखरांना बाहेर न्या, आणि सगळे निवेपर्यंत ओव्हनचे दार उघडू नका. रोजच्याही भाजणीला खिडकी उघडी हवी. ज्या ओव्हनमध्ये नानकटाई होते त्यातच हे काम करायचे असेल तर वस्तू झाकलेल्या फॉइलच्या ट्रेमध्ये भाजा आणि दोन्ही कामे एकाच वेळी कधीही करू नका. जुना, छोटा ओटीजी या कामाला वेगळा ठेवता आला तर उत्तम. या मातीची वाटी, चमचा, बशी, काहीही खाण्यासाठी करायचे नाही. खेळण्यातली भातुकली केली तरी तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाला देऊ नये.

रंग चिमटीने

इथे हात आखडता घ्यावा लागतो. अर्ध्या वडीला मुगाच्या दाण्याएवढा रंगीत क्ले पुरतो. कच्च्या मिश्रणात रंग फिका दिसतो आणि हात आणखी टाकायला शिवशिवतो. टाकू नका. भाजल्यावर दुधीपणा निघून जातो आणि लपलेला रंग एकदम पुढे येतो. आधी बोराएवढी गोळी करून भाजून पाहा, मगच बाकीचा रंग कालवा. शिवाय प्रत्येक नव्या वडीची एक पायऱ्यांची पट्टी करा: एक मिलिमीटर, दोन, चार, सहा. भाजून दिव्यासमोर धरली की कळते, एक मिलिमीटरला मागचे अक्षर अस्पष्ट दिसते, सहाला फक्त मेणबत्तीच्या देहासारखा उजेड राहतो. कोणती वस्तू किती जाड करायची हे ती पट्टीच सांगते.

अल्कोहोल इंक नावाची शाई मिळते, तिचे रंग फार निर्मळ येतात. चपट्या लाटलेल्या पोळीवर थेंब टाकून तो पूर्ण सुकू द्यायचा, मगच मळायचे. ओला थेंब आत गेला तर ओव्हनमध्ये बुडबुडे होतात. स्वयंपाकघरातल्या गोष्टी घालून पाहण्याचा मोह सगळ्यांना होतो. चहाची कोरडी भुकटी, मिऱ्याची बारीक पूड चालते, सुंदर दगडी ठिपके येतात. हळद नको. पहिल्या दिवशी सोन्यासारखी दिसते आणि उजेडात राहून उडून जाते. गुलाबाच्या पाकळ्या ओव्हनमध्ये तपकिरी पडतात.

मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख मात्र या मातीसाठीच केला असावा असे वाटते. फिक्या निळ्या पोळीवर वर्ख पसरायचा, त्यावर कागदाएवढी पातळ ट्रान्सलुसंट पोळी ठेवून हलकेच लाटायचे. वर्ख तडकतो आणि भाजल्यावर खालून चांदणे आल्यासारखे दिसते. वरचा थर विसरू नका, उघडा वर्ख काळा पडतो. पातळ थरांवर थर देण्याची ही रीत अमेरिकेच्या कॅथलीन डस्टिन यांनी फार उंचीवर नेली, त्यांच्या पर्सेस अशाच थरांतून उजळतात.

अकीक, कहरुबा, यशब

या मातीने दगडांची नक्कल करण्याची कला विसाव्या शतकाच्या शेवटी टोरी ह्यूज या अमेरिकन कलावंत बाईंनी रूढ केली. आपल्या घरांतल्या ओळखीच्या तीन दगडांपुरते इथे सांगतो.

अकीक आपल्याकडे गुजरातेतल्या खंबायतेचा. तिथले अकीकाचे मणी शतकानुशतके समुद्रापार जात आले आहेत. खरा अकीक उजेडात धरला तर त्यात एकसारखा लाल रंग नसतो, मधासारखे, विटेसारखे, दुधासारखे पट्टे असतात. म्हणून एकच लाल रंग कालवू नका. ट्रान्सलुसंटचे चार भाग करा: एकात विटकरी, एकात केशरी, एकात तपकिरीचा केवळ वास, आणि एक कोरा. चारी पातळ लाटून एकमेकांवर ठेवा, मध्ये एखादी पांढऱ्या रंगाची अगदी पातळ पोळी घाला, चळत दाबून अर्धी करा, कापून पुन्हा रचा. मग त्यातून तुकडे कापून मणी वळा. जास्त वळू नका, पट्टे मिसळून जातात.

कहरुबा म्हणजे प्राचीन झाडांचा डिंक, लाखो-कोट्यवधी वर्षांत दगड झालेला. त्याची तस्बीह तुर्कस्तानापासून मिस्रपर्यंत हौसेने वापरतात. त्याचे सौंदर्य ढगाळपणात आहे. पिवळसर ट्रान्सलुसंटमध्ये गडद पिवळ्याचा कण आणि तपकिरीचा त्याहून छोटा कण घाला. दुसरा भाग थोड्या पांढऱ्यासह करा, म्हणजे उजेड न सोडणारा. दोन्ही अर्धवट मिसळून थांबा. थांबणे कठीण जाते. आमच्या थोरल्या बहिणीने तर चौथ्या दुमडीनंतर वडी दुसरीच्या हातात द्यायची असा नियमच केला आहे.

यशब, हिरवा किंवा पांढरा, हा मोगलांचा लाडका दगड. शाहजहानचा 1657 सालचा पांढऱ्या यशबाचा प्याला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. खाली कमळ, मुठीला बोकडाचे डोके. त्याच्या कडा इतक्या पातळ कोरल्या आहेत की दगडातून उजेड येतो. दगड कोरणाऱ्यालाही पातळ केल्यावाचून उजेड मिळाला नाही, मग आपल्याला कसा मिळेल? यशबाचे पदक तीन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. हिरव्यात पिवळ्या मातकट रंगाची चिमूट घातली की प्लॅस्टिकचा भडकपणा जातो.

भाजून निवल्यावर पॉलिश पेपर, तोही पाण्यातच. 400 पासून सुरू करून 600, 800, 1000, जमल्यास 1500. पाण्यात घासले की भुकटी नाकात जात नाही आणि ओरखडे कमी येतात. एक आकडा गाळून पुढे गेलात तर शेवटपर्यंत ओरखडा राहतो. मग जुन्या जीन्सच्या तुकड्यावर घासा. ट्रान्सलुसंटचा अर्धा उजळपणा इथे येतो, कारण पृष्ठभागाचा धूसर पापुद्रा निघून जातो. 99 मण्यांना आम्हा तिघींच्या दोन दुपारी जातात. नेलपॉलिश लावून हे काम चुकवता येत नाही. काही दिवसांनी ते मण्यांना चिकट करते आणि मग ती चिकट पोर तस्बीहच्या प्रत्येक फेरीला जाणवत राहते.

त्याला काय म्हणून विकायचे

चांगली झालेली कहरुब्याची तस्बीह हातात घेतली की जाणकारालाही क्षणभर थांबावे लागते. इथूनच एक प्रश्न सुरू होतो, आणि तो कारागिरीचा नाही.

मागच्या वर्षी एका घाऊक व्यापाऱ्याने आमच्या साठ तस्बीह एकदम मागितल्या. भाव ठीक होता. एकच अट होती: आम्ही प्रत्येक तस्बीहला जी चिठ्ठी बांधतो, 'हाताने बनवलेली, पॉलिमर क्ले', ती काढून द्यायची. "मी कुठे असली म्हणतोय? गिऱ्हाईक काय समजायचं ते समजेल," असे त्यांचे म्हणणे. त्या महिन्यात भाभींच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती आणि ही रक्कम जवळपास तेवढीच होत होती. आम्ही रात्री तिघी बसलो. वाद झाला नाही असे नाही. धाकटीचे म्हणणे, आपण खोटे बोलत नाही, फक्त बोलत नाही. भाभी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जो घेईल तो तिच्यावर अल्लाहचं नाव घेणार. त्याला ती काय आहे हे माहीत असू दे." सकाळी त्यांनीच व्यापाऱ्याला फोन करून नकार कळवला. ती ऑर्डर पुन्हा आली नाही. फी दोन हप्त्यांत भरली.

विकताना ऐब सांगून विकावे हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवतात. पॉलिमर क्ले हा तर ऐबही नाही, नाव आहे फक्त. आमची किंमत आम्ही दगडावरून ठरवत नाही. वडी, दोरा, पॉलिश पेपर, वीज आणि तिघींचे तास मोजतो. त्या तासांची किंमत लावायला आम्हांला जरा उशीरच लागला, घरातल्या बायकांना तो लागतोच. आणि विकत घेणाऱ्यांनीही 'असली कहरुबा' स्वस्तात मिळत असेल तर लेखी पावती मागावी. पावती देताना विक्रेत्याची बोटे अडखळली तर त्यातच उत्तर आहे.

ओवणे

मण्याचे भोक भाजण्याआधी सुईने पाडा, पण वळल्यावर लगेच नाही. मणी अर्धा तास पडू द्या, थोडा ताठ होतो आणि दाबला जात नाही. सुई दोन्ही बाजूंनी अर्धी अर्धी घाला, एकाच बाजूने आरपार घातली तर दुसऱ्या तोंडाला कडा उचलली जाते. भाजल्यावर भोकाच्या कडा पॉलिश पेपरच्या गुंडाळीने गोल करा, नाहीतर कोवळा रेशमी दोरा महिन्याभरात कापला जातो. आम्ही वळीव नायलॉनचा दोरा वापरतो, दर 33 मण्यांनंतर वेगळ्या रंगाचा एक मणी घालतो आणि मण्यांमध्ये दोन बोटे मावतील एवढी ढील ठेवतो, म्हणजे मणी सरकवता येतो. वापरणाऱ्याला दोन गोष्टी सांगून द्या: अत्तर हाताला लावावे, मण्यांना नाही, आणि तस्बीह गाडीच्या काचेमागे उन्हात टांगून ठेवू नये. ओल्या हाताने धरली तर काही होत नाही, मळली तर कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुऊन, दोरा सुकेपर्यंत सावलीत टॉवेलवर पसरून ठेवावी.